बिनखर्ची शेती व तिचा खरा हिशेब

शेती बिनखर्चानें करितां येते, रासायनिक खत व औषध यांवांचून पीक घेतां येतें, आणि आमचे वाडवडील तसेंच करीत असत, हीं तीन वाक्यें अलीकडे प्रत्येक बाजारच्या दिवशीं आमच्या कानांवर येतात. पहिलें वाक्य अर्धें खरें आहे, दुसरें पुष्कळ अटींवर खरें आहे, व तिसरें खरें असलें तरी त्यांतील मर्म सांगणारा व ऐकणारा या दोघांनाहि बहुधा माहीत नसतें. म्हणून या तिन्ही वाक्यांचा हिशेब मांडून पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे. आम्ही कांहीं शेतकी कॉलेजांत शिकलेले नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों व आतां अक्कलकोट तालुक्यांत बोरी नदीच्या खोऱ्यांतील आपली वडिलार्जित जमीन पाहतों. तेव्हां आमच्याजवळ विद्वत्ता नाहीं. जमाखर्च पाहण्याची संवय मात्र आहे.

प्रथम आमच्या दप्तरांतील एक गोष्ट सांगतों. गांव नमुना बारा यांत निर्भेळ पिकांकरितां एक व मिश्र पिकांकरितां दुसरा असे निरनिराळे रकाने असतात. आम्ही नोकरीस लागलों त्या काळीं या भागांतील पुष्कळ गांवांच्या पीकपाहणींत मिश्र पिकांचा रकाना भरलेला असे. जोंधळ्यांत करडई, बाजरींत तूर, तुरींत मूग किंवा मटकी, अशा नोंदी लिहितां लिहितां हात दुखून येई. कारण एका सर्व्हे नंबरांत दोन-तीन पिकांचें क्षेत्र वेगवेगळें काढावें लागे. पुढें पुढें तो रकाना कोरा राहूं लागला. ऊस, सोयाबीन, निर्भेळ तूर अशा एका शब्दांत नंबर संपूं लागला. कारकुनाचें काम हलकें झालें, म्हणून आम्हांस त्या वेळीं बरेंच वाटलें. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू होऊन शेतकरी स्वतःच आपलें पीक मोबाईलवर नोंदवूं लागला. पण त्या कोऱ्या रकान्याचा अर्थ आम्हांस समजला तो नोकरी सुटल्यावर, स्वतःच्या शेतांत फसल्यानंतर. ती हकीकत पुढें येईलच.

आमच्या तालुक्याची जमीन बहुतेक काळी. कोठें खोल, कोठें मुरुमावर वीतभर मातीची बरड. पावसाचा भरंवसा नाहीं. मृगाचा पाऊस आला तर आला. परंतु खरा आधार भाद्रपद-आश्विनांतील परतीच्या पावसाचा. त्यामुळें येथील मुख्य धान्य रब्बीचा जोंधळा, म्हणजे आपली शाळू. तो पाण्याच्या पाळीवर येत नाहीं. मातीनें पोटांत धरून ठेविलेल्या ओलीवर येतो. ही एक गोष्ट नीट ध्यानांत धरली म्हणजे वाडवडिलांच्या पद्धतीचें रहस्य उलगडतें. त्यांची सर्व मेहनत पाणी जमिनींत मुरविणें, मुरलेली ओल उडूं न देणें व जमिनीचा कस शेतांतच फिरता ठेवणें, या तीन कामांसाठीं असे.

हें ज्ञान अडाणी म्हणून टाकून देण्याजोगें नाहीं, याची साक्ष परक्यांनींहि दिली आहे. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे विलायतेंतील शेतकी रसायनशास्त्रज्ञ १८८९ सालीं सरकारच्या सांगण्यावरून हिंदुस्थानांत आले व त्यांचा अहवाल १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. येथील चांगल्या शेतकऱ्याच्या मेहनतीची व पिकांच्या फेरपालटाची त्यांनीं प्रशंसा केली. आणि सरपणाच्या अभावीं शेण जाळलें जातें हें येथील शेतीचें मोठें नुकसान असल्याचें दाखविलें. पुढें सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथील संस्थेंत १९२४ ते १९३१ या काळांत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांपासून खत करण्याची पद्धत बसविली. तिला ‘इंदूर पद्धत’ असें नांव पडलें. तिचें वर्णन करणारें १९३१ सालचें पुस्तक हॉवर्ड यांनीं यशवंत वाड या आपल्या सहकाऱ्यासह लिहिलें आहे. आज परदेशांत सेंद्रिय शेतीचा जो गवगवा आहे, त्याची एक मोठी मुळी अशी इंदूरच्या उकिरड्यांत आहे.

आमच्या जिल्ह्याचा मान याहूनहि निराळा. १९३३ सालीं सोलापूर येथें कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचें केंद्र निघालें. शेजारच्या विजापुरासहि त्याच योजनेंत केंद्र झालें. तेथें श्री. कानिटकर प्रभृति अधिकाऱ्यांनीं जी ‘मुंबई पद्धत’ म्हणून सांगितली, तींत नवें यंत्र किंवा विकतचें औषध फारसें नव्हतें. शेतास बांध घाला, कांहीं वर्षांनीं एकदां खोल नांगरा, पावसाळ्यांत कुळवाच्या पाळ्या द्या, शेणखत घाला, बीं विरळ पेरा, व पीक उभें असतां कोळपीत राहा. वाडवडिलांचीच रीत, मोजमाप करून नेमकी केलेली.

आतां अलीकडच्या चळवळीकडे वळूं. अमरावती जिल्ह्यांतील बेलोरा येथील श्री. सुभाष पाळेकर यांनीं ‘शून्य खर्चाची नैसर्गिक शेती’ या नांवानें जी पद्धत देशभर सांगितली, तीबद्दल त्यांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. त्याच वर्षापासून आंध्र सरकारनें नैसर्गिक शेतीचें मोठें काम हातीं घेतलें. २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली. त्यासाठीं २४८१ कोटि रुपये व साडेसात लाख हेक्टरांचें उद्दिष्ट ठेविलें आहे. म्हणजे ही आतां कोण्या एका छांदिष्टाची गोष्ट राहिलेली नाहीं. प्रत्येक खातेदारास तिचा विचार करणें प्राप्त आहे.

या पद्धतीचीं चार अंगें सांगतात: बीजामृत, जीवामृत, आच्छादन व वाफसा. जीवामृताची कृति बहुतेकांस पाठ आहे. एकरास दोनशें लिटर पाणी, त्यांत दहा किलो ताजें शेण, पांच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचें पीठ व बांधावरील मूठभर माती. हें मिश्रण सावलींत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळावें व मग शेतास द्यावें.

येथेंच आमची फसगत झाली. जीवामृत घातलें म्हणजे दुसऱ्या खताची गरज नाहीं, असें आम्हीं कोणाच्या तोंडून ऐकिलें, व तेंच सोयीचें म्हणून खरें मानिलें. त्या वर्षीं शेणखताच्या गाड्या बंद केल्या, उकिरड्यांतील खत दुसऱ्यास देऊन टाकिलें, आणि चार एकरांत निर्भेळ जोंधळा पेरून वरचेवर जीवामृत शिंपडीत राहिलों. रोपें गुडघाभर होईपर्यंत बरीं दिसलीं. पोटरींत येतांना पिवळीं पडूं लागलीं. कणसें आलीं तीं मुठींत मावतील एवढीं. घरांत खायला जोंधळा पुरला नाहीं, व बैलांकरितां कडबा विकत घ्यावा लागला. ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या पिकांची पैसेवारी लिहिली, त्याच्याच शेताची ही पैसेवारी! घरांतहि त्या वर्षीं आम्हांस फार बोलून घ्यावें लागलें.

आमच्या बांधाला बांध असलेले एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांना सारा गांव अण्णा म्हणतो. ते कणसें चोळून पाहत म्हणाले, “भाऊसाहेब, विरजण झकास लावलंत, पण दूध कुठं होतं?”

या एका प्रश्नानें आम्हांस जें समजलें तें चार व्याख्यानांनीं समजलें नव्हतें. आम्हीं घरीं येऊन कागद घेतला व कारकुनी पद्धतीनें बेरीज मांडिली. पिकाचें मुख्य अन्न नत्र. दहा किलो ताज्या शेणांत नत्र सुमारें तीस-चाळीस ग्रॅम; दहा लिटर गोमूत्रांत शंभराच्या आसपास; दोन किलो डाळीच्या पिठांत सत्तर. सारें मिळून एका वेळच्या जीवामृतांतून एकराला पडतें तें पाव किलोच्या आंतच. उलट एकरीं पांच क्विंटल जोंधळा झाला, तर नुसत्या दाण्यांतूनच सात-आठ किलो नत्र शेताबाहेर जातें. कडब्यांतून जातें तें वेगळें. जमा पाव किलो व खर्च आठ किलो, असें खातें किती दिवस चालेल?

यावरून जीवामृत खोटें ठरतें असें कोणी समजूं नये. त्याचा पुरस्कार करणारे जाणते लोकहि त्याला खत म्हणत नाहींत, विरजणच म्हणतात. जमिनींतील सूक्ष्म जंतूंस चालना देणें हें त्याचें काम. परंतु जंतूंनीं कुजवावयाचें तें शेतांत असलें पाहिजे. काडीकचरा, शेणखत, पालापाचोळा, शेंगवर्गाच्या पिकांचीं मुळें, हें दूध. तें नसेल तर विरजण कोणास लावणार? आणि रब्बीच्या कोरड्या मातींत, पृष्ठभागावर ओल नसतां, शिंपडलेले जंतु जगणार तरी कसे? द्यावयाचें तर पावसाळ्यांत, वाफशावर द्यावें.

मग दूध कोठून आणावें? त्याचे चार मार्ग आमच्या तालुक्यांत जुने व माहितीचे आहेत.

पहिला मार्ग उकिरड्याचा. उघड्यावर ढीग घालून ठेविलेल्या शेणाचा कस निम्मा उन्हांत उडतो व पावसांत वाहून जातो. तेंच शेण दोन-अडीच हात खोल खड्ड्यांत, काडीकचऱ्याच्या थराआड थर देऊन, ओलसर ठेवून भरलें, व पंधरवड्यानें, महिन्यानें आणि दोन महिन्यांनीं वरखालीं केलें, तर तीन महिन्यांत काळें, वास नसलेलें खत तयार होतें. हीच इंदूर पद्धत. गोठ्यांत बैलांच्या पायांखालीं कोरडी माती पसरून ती गोमूत्रानें भिजली म्हणजे खड्ड्यांत टाकावी. कारण नत्राचा मोठा वांटा शेणापेक्षां मूत्रांत असतो, व तोच आम्ही वाहूं देतों. चांगलें कुजलेलें खत टनास सुमारें पांच किलो नत्र देतें. बैलगाडी अर्ध्या टनाची धरली तर एकरीं पांच गाड्यांतून बारा किलोंच्या वर नत्र आलें. तें सर्व एका वर्षांत पिकास मिळत नाहीं, पुढील वर्षांसहि पुरतें. परंतु खातें आतां जुळूं लागलें, हें कोणासहि दिसेल.

दुसरा मार्ग त्या कोऱ्या रकान्याचा. तूर, मूग, उडीद, मटकी, हरभरा यांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी असतात, त्यांतील जंतु हवेंतील नत्र धरून झाडास देतात. आमचे वाडवडील पाभरीमागें सरता बांधून जोंधळ्यांत किंवा बाजरींत निराळ्या पिकाचें तास धरीत. त्यांस जंतूंची माहिती नव्हती; परंतु तुरीच्या पाल्यानें जमीन मऊ होते व पुढचें पीक साधतें, हें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें होतें. शिवाय पावसानें एक पीक नेलें तर दुसरें हातीं लागे. आम्हीं कारकुनानें ज्यास लिहिण्याचा त्रास मानिलें, तो शेतकऱ्याचा पीकविमाच होता. खोल जमिनींत पावसाळ्यांत मूग किंवा उडीद घेऊन त्यावर शाळू पेरणें, किंवा बरडावर बाजरी व तूर एकत्र घेणें, यांस खर्च बियाण्याचा तेवढा.

तिसरा मार्ग मेंढ्यांचा. धनगरांचे कळप शेतांत रात्रीं बसवून घेण्याची रीत अजून आमच्याकडे आहे. लेंडी व मूत्र दोन्ही जागच्या जागीं पडतात. वाहतूक नाहीं व साठवण नाहीं. कळप बसवून झाल्यावर लगेच कुळवाची पाळी देऊन लेंडी मातीआड करावी, नाहींतर कस उडून जातो.

चौथा मार्ग गाळाचा. उन्हाळ्यांत आटलेल्या तलावांतील गाळ बरड जमिनीस अमृतासारखा आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढिली, ती याच जुन्या रिवाजाची नवी आवृत्ति. मात्र ज्याची जमीन अगोदरच खोल काळी आहे, त्यानें गाळ ओढून व्यर्थ भाडें भरूं नये.

कसाइतकेंच महत्त्व ओलीस आहे. किंबहुना आमच्या भागांत अधिक. नैसर्गिक शेतीवाले आच्छादन करा म्हणतात, तें तत्त्वतः योग्य आहे. परंतु ज्या तालुक्यांत कडबा हें जनावरांचें जीवन, तेथें तो जमिनीवर अंथरा असें सांगणें म्हणजे उपाशी माणसास पंगतींत पत्रावळीच वाढण्यासारखें आहे. त्यावर उपाय दोन. जनावरें सहसा खात नाहींत असें करडईचें काटेरी भुसकट, तुरीचें भुसकट, हें सरींत अंथरावें. दुसरें, मातीचेंच आच्छादन करावें. पीक तीन आठवड्यांचें झालें म्हणजे फटीच्या कोळप्यानें, पांचव्या आठवड्यांत पासेच्या कोळप्यानें, व आठव्या आठवड्यांत भेगा पडूं लागतांच दातेरी कोळप्यानें कोळपावें. वरची दोन बोटें माती भुसभुशीत झाली कीं खालची ओल वर येऊन उडत नाहीं. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें आमच्याकडे म्हणतात तें याच कारणानें. शाळूचें बीं एकरीं चार किलोंच्या वर घालूं नये. दाट पेरा दिवाळीपर्यंत डोळ्यांस गोड दिसतो व पौषांत तहानेनें मरतो.

किडीसंबंधीं थोडें. तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी हें या भागाचें खरें दुखणें, व औषधांचा खर्च बहुतेक तिच्यासाठींच होतो. उन्हाळ्याच्या शेवटीं निंबोळ्या गोळा करून वाळवाव्या. पांच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्या व गाळून शंभर लिटर पाणी करावें. हा अर्क अळी अंड्यांतून निघण्याच्या सुमारास, म्हणजे फुलोऱ्याच्या आरंभीं, मारिला तर उपयोगी पडतो. अळी बोटाएवढी झाल्यावर मारून पस्तावूं नये. मोठी झालेली अळी झाडें हलवून खालीं पोत्यावर पाडावी व वेंचावी. हरभऱ्यांत मूठभर जोंधळा मिसळून पेरावा. त्याच्या ताटांवर पांखरें बसतात व अळ्या टिपतात. अळी फारच उठली, तर हीं साधनें कधीं कधीं अपुरीं पडतात, हेंहि प्रामाणिकपणें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

आतां ‘शून्य खर्च’ या शब्दाकडे वळूं. आमच्या हिशेबांत शून्य कोठेंच निघालें नाहीं. बैलजोडी बारा महिने खाते. खड्डा वरखालीं करावयास माणूस लागतो. निंबोळ्या वेंचण्याची मजुरी आहे. ती घरच्या बायका-मुलांनीं केली म्हणून ती फुकट, असें लिहिणारा कारकून लबाड समजावा. खरा फरक असा कीं, या शेतींत खर्च बहुधा अंगमेहनतीचा व घरच्या मालाचा असतो, रोकडीचा थोडा. आमच्याकडे पाऊस तीन-चार वर्षांतून एकदां तरी दगा देतो. अशा वर्षीं जो खर्च रोख व उसनवारीचा असतो, तोच शेतकऱ्यास बुडवितो. मेहनत बुडाली तर मनुष्य थकतो, पण जमीन गहाण पडत नाहीं. कोरडवाहू शेतकऱ्यानें या पद्धतीकडे वळण्याचें सबळ कारण आमच्या मतें हेंच आहे.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. २०२४ सालीं युरियाची ४५ किलोंची गोणी सरकारी मदतीमुळें २६६ रुपये ५० पैशांस मिळे, व तींत सुमारें वीस किलो नत्र असतें. इतक्या नत्रासाठीं चार टन शेणखत लागतें. ज्याच्याकडे जनावरें नाहींत व पाण्याखालचा ऊस आहे, त्यानें एकाएकीं सर्व खत बंद केलें तर आमच्या चार एकरांची गत त्याची होईल. संबंध देशाची तशी गत झालेली जगानें पाहिली आहे. श्रीलंकेनें २०२१ सालच्या वसंतांत रासायनिक खतांची आयात एका हुकुमानें बंद केली. भाताचें उत्पन्न घसरलें, चहाच्या मळ्यांस धक्का बसला, व नोव्हेंबरांत तो हुकूम मागें घ्यावा लागला. दोष सेंद्रिय खताचा नव्हता. विरजण लावण्यापूर्वीं दूध सांठविलें नाहीं, हा होता.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी आहे. सर्व जमीन एकदम बदलूं नये. प्रथम वर्षभर उकिरड्याचा खड्डा भरावा. मग एक एकर निराळा काढून त्यांत पांच गाड्या खत, शेंगवर्गाचें एक पीक, तीन कोळपण्या, व हौस असल्यास जीवामृत, एवढें करावें. शेजारचा एकर नेहमींच्या रीतीनें ठेवावा. दोन्हींचा रोख खर्च, मजुरी, धान्य व कडबा वहींत लिहावा. घरच्या मजुरीसहि गांवच्या दरानें आंकडा घालावा. अशीं तीन वर्षें, त्यांत एक तरी ओढीचें वर्ष, लिहून झालीं म्हणजे कोणाच्या व्याख्यानाची गरज उरणार नाहीं.

आम्हीं दुसऱ्या वर्षीं त्याच चार एकरांपैकीं दोहोंत खत घालून मूग घेतला, त्याच्या मागें शाळू पेरली व सरत्यानें करडईचीं तासें धरलीं. पीक फार मोठें आलें असें नाहीं. परंतु घरांत जोंधळा पुरला व कडबा विकत घ्यावा लागला नाहीं. अण्णा बांधावर उभे राहून कणसें पाहत होते. त्यांनीं तोंडानें कांहीं म्हटलें नाहीं. फक्त जातांना आपल्या बियाण्यांतील शेरभर तूर आमच्या पदरीं घातली. ती आम्हीं पुढच्या मृगांत पेरली, व त्या सर्व्हे नंबरासमोर पुष्कळ वर्षांनीं मिश्र पिकाची नोंद केली.